सवड भाषेचा आठवा शब्द

लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत मिळून स्वतःच्या मालकीची भाषा असलेला एकच माणूस झाला, आणि तो टाइपरायटर दुरुस्त करायचा. कुणाच्या मालकीची विहीर असते, कुणाची बस असते. धर्माबादेत एका व्यापाऱ्याच्या मालकीचा हत्ती होता असंही मी लहानपणी ऐकलं होतं. आमच्या टाइपरायटरवाल्या चाचांच्या मालकीची भाषा होती. बोलायची नव्हे, संगणकाला हुकूम द्यायची. संगणक मात्र त्यांच्याकडे नव्हता. आमच्या कार्यालयात नव्हता, शेजारच्या कार्यालयात नव्हता, आणि चाचा सोडले तर आमच्यापैकी कुणी तो पाहिलेलाही नव्हता. ही काही अडचण आहे असं चाचांना कधी वाटलं नाही. ते म्हणायचे, "बाई, पाळणा आधी बनवतात का न्हाई? मग? लेकरू येईल की सवडीनं."

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. मी कलेक्टर कचेरीत नोकरीला नवी, चोवीस वर्षांची, आणि तेव्हाही आजच्यासारखीच याद्या करणारी. यादी केल्याशिवाय मला बाजारात जाता येत नाही, आणि यादीतली एखादी ओळ रिकामी राहिली तर जेवण गोड लागत नाही. नव्या जिल्ह्याला माझ्यासारख्या माणसांची गरज होती, कारण बाकी सगळंच जुनं होतं. खुर्च्या दुसऱ्या कुणीतरी टाकून दिलेल्या, पंखे एका बाजूला कललेले, आणि टाइपरायटर तर असे की गावोगावच्या कार्यालयांनी नव्या जिल्ह्याला भेट द्यायच्या निमित्तानं आपापली अडगळ काढली होती. एकाला 'ळ' नव्हता, एकाची गाडी परत येताना शाई उडवायची. म्हणून दर मंगळवारी चाचा यायचे. डोक्यावर जाळीची टोपी, कपाळावर वर सरकवलेलं दुरुस्तीचं भिंग, एका हातात हत्यारांची पेटी आणि दुसऱ्या काखेत लाल कापडी पुठ्ठ्याची जाड वही. पेटी ते कुठंही ठेवायचे. वही मात्र माझ्या टेबलावर, कारण ऑफिसात तेवढं एकच टेबल ओलं नसतं असं त्यांचं मत होतं.

त्या वहीत भाषा होती. तिचा जन्म बसमध्ये झाला. टाइपरायटरच्या कंपनीनं चाचांना विजेवर चालणारी यंत्रं शिकायला महिनाभर हैदराबादला बोलावलं होतं, आणि तिथं शेजारच्या खोलीत काचेपलीकडे एक संगणक होता. चाचा रोज डबा घेऊन काचेसमोर बसत. शेवटच्या दिवशी तिथल्या माणसानं कंटाळून त्यांना आत घेतलं आणि सांगितलं की हे यंत्र ठरावीक शब्दांतले हुकूम ऐकतं. चाचांनी विचारलं, हे शब्द ठरवले कुणी? तो म्हणाला, ज्यांनी भाषा केली त्यांनी. "म्हणजे माणसांनीच?" चाचांनी तीनदा विचारून खात्री करून घेतली. यंत्राच्या भाषेचं एक जुनं पुस्तक मागून घेतलं, लातूरची बस धरली, आणि गाडी बिदरच्या पुढं येईपर्यंत त्यांचे सात शब्द तयार होते: घे, ठेव, वाढव, असंल तर, नसंल तर, जोवर, बास. उदगीरला गाडी चहाला थांबली तेव्हा भाषेचं नावही ठरलं: सवड. सवडीत केली म्हणून सवड. प्रत्येक कामाच्या हुकुमांची शेवटची ओळ एकच असायची: "बास. चहा." यातला चहा सातांत धरलेला नाही. तो शब्द नसून हक्क आहे, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं.

यंत्राचं काही चुकलं तर ते काय म्हणेल हेसुद्धा त्यांनी ठरवून ठेवलं होतं, आणि ते त्यांनी आमच्या कार्यालयात बसूनच गोळा केलं होतं. हुकूम समजला नाही तर यंत्रानं म्हणायचं, "उद्या या." मागितलेली वस्तू जागेवर नसेल तर, "साहेब दौऱ्यावर." आणि सगळं बरोबर असूनही काम होत नसेल तर, "वरून आदेश नाहीत." आमच्या हेडक्लार्कांनी ही पानं वाचली आणि दोन मंगळवार चाचांशी बोलले नाहीत. तिसऱ्या मंगळवारी त्यांच्याच टाइपरायटरची पट्टी अडकली, तेव्हा त्यांनी "चाचा, जरा बघता का?" म्हणून हाक मारली. चाचांनी भिंग डोळ्यावर ओढलं, आत डोकावले आणि अत्यंत अदबीनं म्हणाले, "उद्या या."

बाकी जग आपल्या भाषेत नाही याचं त्यांना वाईट वाटायचं, आणि जमेल तितकं ते जगाला त्या भाषेत घ्यायचे. चहावाल्याला म्हणायचे, "जोवर कपात जागा हाय तोवर ओत. बास." चाचींनी एकदा त्यांना गोलाईत, म्हणजे लातूरच्या गोल बाजारात, भाजीला पाठवलं. "मेथी मिळेपर्यंत फिरा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि वर्ष दुष्काळाचं होतं. साऱ्या बाजारात मेथीची काडी नव्हती. चाचा गोलाईला दुपारपासून गोल फेऱ्या मारत राहिले. सातव्या फेरीला भाजीवाल्या बायकांनी त्यांना बळंच बसवून पाणी पाजलं, आणि पाणीटंचाईच्या त्या दिवसांत कुणी कुणाला तांब्याभर पाणी देणं म्हणजे काय, ते ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांनाच कळेल. घरी आल्यावर चाची म्हणाल्या, "मेथी न्हाई तर पालक घेऊन यावं, एवढं कळत न्हाई?" चाचा म्हणाले, "'नसंल तर' सांगितलंच न्हाई तुम्ही." चाचींनी विचारलं, "तुमच्या त्या भाषेत अक्कल नावाचा शब्द हाय का न्हाई?" चाचांनी वही उघडली, शेवटच्या पानावर 'अक्कल' असं लिहिलं आणि पुढं शेरा मारला: विचाराधीन. तो शेरा मी स्वतः पाहिलेला आहे.

फायदा काय, हा प्रश्न त्यांना जितक्या लोकांनी विचारला तितक्यांना त्यांनी वेगळं उत्तर दिलं. हेडक्लार्कांना म्हणाले, "साहेब, तुम्ही कॅरम खेळता. राणी घरी नेता का?" आमच्या शिपाईमामांना म्हणाले, "मामा, तुम्ही रोज सकाळी मिशीला पीळ देता, त्याचा शासनाला काय फायदा?" मामांची मिशी खरंच बघण्यासारखी होती. ते पन्नाशीला टेकलेले, रेणापूरजवळच्या एका खेड्यातले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि फायद्याचा विषय पुन्हा काढला नाही.

मी विचारलं तेव्हा मात्र चाचांनी भिंग कपाळावर सरकवलं आणि सरळ बोलले. "बाई, दिवसभर मी काय करून राहिलो? मशीन दुसऱ्यानं केलेलं. मोडलं दुसऱ्यानं. त्यातून निघणारा कागद दुसऱ्याचा, त्यावरचा हुकूम दुसऱ्याचा. मी मधी फक्त तेल घालतो. ह्या वहीत मात्र मी म्हणलं की 'घे' म्हणजे घे, तर 'घे' म्हणजे घे. एवढीच माझी जागीर." मग म्हणाले, "एकच वाटतं. कुणीतरी दुसऱ्यानंबी एक ओळ लिहावी हिच्यात. एकट्यानं बोलायच्या भाषेला लोक येडेपणा म्हणतात."

यासाठी त्यांनी वहीत एक पान राखून ठेवलं होतं. वर मथळा: 'भाषा वापरणाऱ्यांची यादी.' एक नंबरला लाल शाईनं त्यांचं स्वतःचं नाव. दोन नंबर रिकामा. पुढं वीसपर्यंत आकडे घालून ठेवलेले, सगळे रिकामे. माझ्यासारख्या बाईला हे पान दर मंगळवारी डोळ्यांसमोर असणं किती त्रासाचं होतं ते मी सांगू शकत नाही. मी म्हटलं, "चाचा, दोन नंबरला माझं नाव घाला आणि मोकळे व्हा." ते म्हणाले, "मेहेरबानीचं नाव नक्को." अट लिहूनच ठेवलेली होती: जो कुणी, न सांगता, स्वतःच्या गरजेला सवडीत बोलेल किंवा लिहील त्याचंच नाव. मी लबाडी करूनही पाहिली. एका मंगळवारी टेबलावर चिठ्ठी टाकून ठेवली, 'जोवर शाई आहे तोवर लिही. बास. चहा.' आणि दुसरीकडे बघत बसले. चाचांनी ती वाचली, घडी केली, मला परत दिली. "हे माझ्यासाठी लिहिलंय बाई. तुमच्यासाठी कधी लिहाल तेव्हा बघू."

संगणक तर नव्हताच, म्हणून सवड भाषा आम्ही माणसांवर चालवायचो. कसं, ते क्रमानं सांगते. आमच्या खोलीत भिंतभर एक लाकडी रॅक होता, त्याला चौकोनी खण. लातूर ज्यातून फुटलं त्या जुन्या जिल्ह्याकडून येणाऱ्या फायलींसाठी तो केलेला, गावाला एक खण. चाचांनी जाहीर केलं की ही यंत्राची आठवण. खणात जायचं, चिठ्ठी काढून आणायची, वाचून दाखवायची आणि परत ठेवायची, हे काम मामांचं, म्हणजे मामा मेमरी. मी टेबलाशी बसून बेरजा करायची आणि उत्तरं लिहायची, म्हणजे मी यंत्राचं डोकं. चाचा वहीतून एकेक हुकूम मोठ्यानं वाचायचे. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं मिळून पावणेदोन फूट रुंद टेबलावर असा संगणक चालवायचो, की खिडकीतून बघणाऱ्या लोकांना वाटायचं, नव्या जिल्ह्यात काहीतरी लिलाव चाललाय.

आणि ते यंत्र नुसतं खेळणं राहिलं नाही, याला मी जबाबदार आहे. त्या उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्यांची यादी माझ्याकडे आली. कोणत्या गावाला शेवटचा टँकर कधी गेला, आज कुणाचा नंबर, हे रोज बघून यादी फाटकापाशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरांच्या हातात द्यायची. मी चार पानांचा तक्ता करून ते काम उरकायची. चाचांनी तक्ता पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांत चमक आली. पुढच्या मंगळवारी हुकूम तयार. खणाखणात गावाची चिठ्ठी, तिच्यावर टँकर जाऊन किती दिवस झाले तो आकडा. 'जोवर खणात चिठ्ठी हाय तोवर पुढचा खण घे. आकडा तिनाच्या वर असंल तर गाव यादीत ठेव. बास. चहा.' पहिले दोन मंगळवार मी माझा तक्ताही करून पडताळून पाहिला. एकाही गावाची चूक नाही. शिवाय माझा तक्ता व्हायला सव्वा तास लागायचा आणि आमचा तिघांचा संगणक पंचवीस मिनिटांत उठायचा. तिसऱ्या मंगळवारपासून मी मंगळवारचा तक्ता करणं सोडलं. यादीवर इतकं प्रेम असलेल्या बाईनं हे करायला नको होतं, पण केलं.

त्यानंतरच्या एका मंगळवारी मामा एकेक खण काढत चालले होते, मी लिहीत होते, आणि रॅकच्या मधल्या ओळीत मामा थांबले. खण रिकामा होता. झालं होतं असं की त्या गावच्या फायलीवर जुन्या जिल्ह्यातल्या एका साहेबांची सही राहिली होती, म्हणून ती फाईल परत तिकडे गेली, आणि टाचणीनं टोचलेली आमची चिठ्ठी फायलीसकट प्रवासाला गेली. मामा म्हणाले, "खाली." चाचांनी वही पाहिली. चिठ्ठी नाही म्हणजे 'जोवर' संपलं. त्यांनी खुशीत आवाज चढवला, "बास! चहा!" मी यादीखाली रेघ मारली, सही केली आणि कागद घेऊन उठले. खाली टँकर सुरू करून ठेवलेले ऐकू येत होते.

मामा रॅकपाशीच उभे. "फुडचे खण राहिले," ते म्हणाले.

"हुकूम संपला मामा," चाचा म्हणाले.

"फुडं अकरा गावं हायत. माझं गाव हाय त्यात."

चाचा समजावणीच्या सुरात म्हणाले, "मामा, तुम्ही मेमरी हाव. मेमरी बोलत नसते."

कधी न बोलणाऱ्या मामांनी तेव्हा सगळ्या ऑफिसाला ऐकू जाईल असा आवाज काढला. "का बोलू न्हाई? माझी माय सकाळधरनं घागर घेऊन रस्त्याला बसली असंल, अन् तुमी चहा प्या म्हणून राहिले? माझी हरकत हाय! लिवून घ्या, हरकत हाय माझी!"

हरकत हा शब्द मामांनी वर्षानुवर्षं आमच्या नोटिसा वाटताना ऐकलेला. दारोदार कागद देऊन 'हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी' असं सांगत फिरणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची एक हरकत होती. मी धावत परत आले. उरलेले खण आम्ही तिघांनी उभ्याउभ्या संपवले, अकरापैकी सात गावांना त्या दिवशी टँकर जायलाच हवा होता. ज्या गावाची चिठ्ठी प्रवासाला गेली होती तेही मी आठवणीनं घातलं. यादी घेऊन मी जिना उतरले आणि ड्रायव्हरांना देण्याआधी फाटकापाशी गावं पुन्हा एकदा मोजली.

वर आले तर चाचा वहीत मान घालून लिहीत होते. चेहरा उतरलेला. मग मान वर करून म्हणाले, "मामा, तुमचं पूर्ण नाव काय? वडिलांचं धरून." मामांनी सांगितलं. मला वाटलं, आता हे मेमरीची साहेबांकडे तक्रार करतात की काय. मामांनाही तसंच वाटलं असणार, कारण ते त्या दिवशी चहाला थांबले नाहीत.

पुढच्या मंगळवारी भाषेत आठवा शब्द आला: हरकत. नियम असा की हुकूम चालू असताना कुठल्याही ओळीला, डोकं असो की मेमरी असो की खिडकीतून बघणारा असो, कुणीही हरकत म्हणावं, आणि ती ऐकल्याशिवाय 'बास' म्हणता येणार नाही. चाचा सांगायचे, जगात एवढ्या भाषा हायत, पण ज्यात मेमरीला बोलता येतं अशी एकच. हे खरं की खोटं ते मला ठाऊक नाही. पण त्या उन्हाळ्यात माझ्या यादीतून एकही गाव सुटलं नाही, आणि मामा दर मंगळवारी मिशीला जास्तीचा पीळ देऊन यायला लागले. गंमत म्हणून ते कधीकधी उगाचच मध्ये "हरकत!" म्हणायचे. आम्ही थांबायचो. मग ते म्हणायचे, "काय न्हाई. बघितलं, चालतंय का." वापरणाऱ्यांच्या यादीचं पान मात्र चाचांनी माझ्यासमोर पुन्हा कधी उघडलं नाही; दोन नंबर रिकामाच राहिला म्हणून असेल, असं मी धरून चालले.

काही वर्षांनी खराखुरा संगणक आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, थंड हवेचं यंत्र, आणि दाराबाहेर चपला काढायच्या. आम्ही सगळे ओळीनं आत जाऊन हात न लावता बघून आलो. चाचांना आत प्रवेश मिळाला तो छपाईच्या यंत्राच्या जोरावर. ते महिन्यातून दोनदा अडकायचं, आणि ते सोडवणारे जिल्ह्यात चाचाच होते. मोबदला म्हणून त्यांनी दर शनिवारी दुपारी संगणकासमोर बसायला मागितलं. सात-आठ महिने ते बसले. त्या यंत्राला येणाऱ्या भाषेत त्यांनी त्याला आपली भाषा शिकवली. एका शनिवारी ती चालली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत, पण आपल्या मराठीत, 'बास. चहा.' असं उमटलं. मी दाराबाहेर माझ्या आणि त्यांच्या चपला सांभाळत उभी होते. मला वाटलं आता हा माणूस नाचत बाहेर येणार. ते आले आणि पायरीवर बसले.

"चालली ना?" मी विचारलं.

"चालली."

"मग तोंड का पाडलंय?"

"लई घाई करतं हो ते. मी भिंग पुसेपर्यंत सगळी गावं संपली. हरकत कुणी घ्यावी? आत मामा न्हाईत, तुम्ही न्हाईत. नुसती थंडी."

पण गप्प बसणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. पुढच्या शनिवारी त्यांनी यंत्राला शिकवलं की प्रत्येक ओळीनंतर थांबायचं आणि विचारायचं, 'कुणाची हरकत?' उत्तर येईपर्यंत हलायचं नाही. मग समाधानानं ते घरी गेले, आणि जाताना ते बंद करायला विसरले. सोमवारी संगणकाचे साहेब महिन्याचा अहवाल काढायला बसले, तर ते यंत्र दोन रात्री आणि एक रविवार त्या रिकाम्या, गार खोलीला नम्रपणे विचारत बसलेलं होतं, कुणाची हरकत? साहेबांनी सगळी बटणं दाबली. प्रत्येक बटणाला यंत्रानं उत्तर दिलं, उद्या या. शेवटी त्यांनी चाचांना बोलावणं पाठवलं. चाचांनी ते सोडवलं, आणि त्यांचे शनिवारही तिथंच सुटले. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं असेल. ते म्हणाले, "वाईट कशाचं? दोन दिवस का होईना, सरकारी मशीन लोकांची हरकत विचारत होतं. एवढं कुणाच्या हातून झालंय?"

मग टाइपरायटर कमी होत गेले, त्यांच्या मागून मंगळवारही गेले. चाची वारल्यावर मुलीनं चाचांना नांदेडला नेलं. निघताना पेटी त्यांनी शेजाऱ्यांना दिली, वही बरोबर नेली. मामा निवृत्त होऊन गावी गेले आणि तीन वर्षांपूर्वी वारले. तो रॅक कुणीतरी जळणाला नेला. माझ्या यादीतून एकेक ओळ अशी खोडली जात होती, आणि खोडलेल्या ओळींकडे मागं वळून बघायची मला सवय नाही.

यंदा आमच्या धाकट्या लेकीचा साखरपुडा घरीच केला. आदल्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दाराला कामांची यादी चिकटवली. संध्याकाळी ह्यांनी ती वाचली आणि मला हाक मारली. "हे काय लिहिलंयस?" मी म्हटलं, "यादी." ते मोठ्यानं वाचायला लागले: "जोवर पाहुणे येतात तोवर ताट वाढव. वरण नसेल तर पाणी घालू नको, नवं लाव. हरकत: जाऊबाई. बास. चहा." मग म्हणाले, "हरकत जाऊबाई म्हणजे काय? त्यांना कशाची हरकत?"

मी म्हटलं, "अहो, कुणी राहिलं तर सांगायला एक माणूस नको का?" आणि दारावरची यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

दुसऱ्या दिवशी पंगत उठायच्या बेतात होती तेव्हा जाऊबाईंनी सांगितल्याप्रमाणे हरकत घेतली. पाहुण्यांच्या जीपचा ड्रायव्हर बाहेर तसाच बसला होता, त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. त्याचं ताट वाढलं आणि मी दाराची यादी जपून काढून पर्समध्ये ठेवली. रविवारी नांदेडची गाडी धरली. लोहा गाव येईपर्यंत मी चारदा ती काढून वाचली. न सांगता, स्वतःच्या गरजेला. अट पुरी होत होती. पंचवीस वर्षं रिकामा राहिलेला दोन नंबर भरायला मी निघाले होते, आणि यादी करणाऱ्या बाईला याहून मोठं सुख नाही.

चाचा खिडकीपाशी बसले होते. बारीक झालेले, पण भिंग कपाळावर. समोर अर्धापूरची केळी ठेवलेली, ती त्यांनी आधी माझ्याकडे सरकवली. मी कागद पुढं केला. त्यांनी भिंग ओढलं, बराच वेळ वाचलं. मी वाट बघत होते. ते म्हणाले, "पहिल्या ओळीत चूक हाय बाई. पाहुणे येतच राहिले तर?"

"मराठवाड्यात तसंच असतं चाचा," मी म्हटलं. "आता वही काढा. दोन नंबर भरा."

ते हसले. मुलीला सांगून त्यांनी ट्रंकेतून लाल वही आणवली, ते पान काढलं आणि माझ्यासमोर धरलं. दोन नंबर रिकामा नव्हता. तिथं शाईनं आमच्या मामांचं नाव होतं, वडिलांचं धरून पूर्ण, आणि तारीख त्या टँकरच्या मंगळवारची. शाई इतकी जुनी की तपकिरी पडलेली.

"आठवा शब्द त्यांनीच दिला की," चाचा म्हणाले. "न विचारता. गरजेला. माझ्या सात शब्दांत मावला न्हाई म्हणून काय झालं?"

मी मामांच्या नावावर बोट ठेवलं. त्यांना हे कधी सांगितलं का, असं विचारलं. "सांगितलं तर. त्याच मंगळवारी संध्याकाळी घरी जाऊन. तेव्हापासून पीळ वाढला न्हाई का मिशीचा?"

मग माझी नजर खाली गेली. तीन नंबरला पेन्सिलीनं, अगदी पुसट, माझं नाव लिहिलेलं होतं. माहेरचं. म्हणजे माझ्या लग्नाच्याही आधीचं.

"हे कधी लिहिलं?"

"तवाच. मला माहीत होतं तुम्ही येणार. याद्या करणारी माणसं भाषेशिवाय किती दिवस राहतील?"

"मग सांगायचं नाही का मला? इतकी वर्षं?"

"सांगितलं असतं तर न सांगता कसं झालं असतं?" त्यांनी विचारलं.

त्यांनी लाल पेन मागितलं आणि पेन्सिलीच्या अक्षरांवरून गिरवायला घेतलं. आयुष्यभर सुईएवढे स्क्रू बसवणारा हात आता रेघ पाळत नव्हता. माझ्या नावाची एक वेलांटी रेघेबाहेर गेली, एक काना खालच्या चार नंबरात घुसला, आणि आडनाव तर समासातच जाऊन बसलं. असली वाकडी ओळ मी माझ्या कुठल्याही यादीत एक मिनिट ठेवली नसती. गिरवून झाल्यावर त्यांनी भिंग वर सरकवलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणाची हरकत?"

मी हरकत घेतली नाही. बास म्हटलं, आणि त्यांच्या मुलीला चहा ठेवायला सांगितला.